जुना धुरा

सातवीत शाळा सुटली. मिळेल ते काम धरत मी सांगलीकडून थेट मध्य प्रदेशातल्या सौंसरला येऊन पोचलो. काम साधं होतं: जमिनीतलं चुंबकत्व टिपणारं यंत्र खांद्याला अडकवायचं आणि शेतात सरळ रेषेत चालायचं. अंगावर लोखंड चालत नाही, नाहीतर यंत्र जमीन सोडून आपल्यालाच टिपतं. माझ्या पँटला चेन आणि हूक. ज्या बाईंच्या शेतात आम्ही होतो, त्यांनी आपल्या वारलेल्या नवऱ्याचा नाडीचा पायजमा आणून दिला. "घाल बाबू, पडूनच आहे," म्हणाल्या. हे काम सुटलं तर काय, ही धास्ती मला रोज असायची. त्या पायजम्यात ती जरा कमी व्हायची.

कापूस निघून पऱ्हाट्या उपटल्या होत्या. हे पुरातत्त्वाचं काम चालवणाऱ्या आमच्या सरांच्या कॉम्प्युटरवर जमिनीखालची एक काळी रेघ उमटली, फार पुरातन शेतांची हद्द. ती बाईंच्या वावरातून आत शिरत होती. त्यांची संत्र्याची ओळ आणि विहीर रेघेच्या पलीकडे, त्यांच्या दिराच्या बाजूला पडत होती.

आम्ही बांध म्हणतो, इकडे धुरा. हा शब्द सर नुकताच शिकले होते. शेजारचं वावर दिराचं. दिरांनी चहा पिताना रेघेची चौकशी केली, तेव्हा सर कौतुकाने बोलून गेले, "हा इथला जुना धुरा."

इकडे जुना म्हणजे आजाच्या वेळचा.

शनिवारी आम्ही जामसावळीला दर्शनाला गेलो. परतलो तर संत्र्याची झाडं जेसीबीने उपटून आडवी पडलेली, फळांसकट. विहिरीभोवती काटेरी कुंपण. सर धावत दिराकडे गेले. ही रेघ हजार वर्षांपूर्वीची आहे, तुमच्या वाटणीशी तिचा संबंध नाही, असं परोपरीने सांगितलं.

दीर शांतपणे म्हणाले, "हजार वरसाचा असन तं मंग पक्काच झाला नं, सर."

बाई तहसीलला जाऊन आल्या, तारीख घेऊन. तोवर दिराने खड्डे बुजवून वखर फिरवला होता. मी यंत्र आवरत होतो. बाई जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"माहे झाडं इथं होते, हे दिसन का तुमच्या मशीनले?"

दिसेल, मी म्हणालो. उकरलेली माती पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही.

"कोनाले दिसन?"

मी पायजमा पुढे केला; तो धुऊन परत द्यायला आणला होता. त्यांनी तो घेतला नाही.