घंटा कोणी वाजवायची

आमचं शेत शाळेच्या मागेच होतं, त्यामुळे कापूस वेचताना शाळेची घंटा आम्हा बायांना साफ ऐकू यायची. घंटा म्हणजे लिंबाच्या फांदीला टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा. तो वाजला की आम्ही म्हणायचो, भरली शाळा, आणि पुन्हा कपाशीत वाकायचो.

एका संध्याकाळी माझी चौथीतली लेक ऐटीत म्हणाली, "आई, आज घंटा मी वाजोली."

"अन् गुरुजी काय करत होते?"

"गुरुजी त आलेच नव्हते. ते दुपारी येतात."

माझ्या डोक्यात सणक गेली. इतके दिवस आम्ही घंटेच्या भरवशावर निर्धास्त होतो, आणि घंटा आमचीच लेकरं वाजवत होती!

नव्या शिक्षण कायद्याने शाळेत पालकांची समिती झाली होती आणि तिची अध्यक्ष मी होते. मला केलं कशाला, तर ही गप्प बसेल असा सगळ्यांचा अंदाज होता. पुढच्या बैठकीत मी एकच मागितलं: घंटा गुरुजींनी स्वतः वाजवायची, लेकरांनी हात लावायचा नाही.

गुरुजी बुलढाण्याहून मोटारसायकलने यायचे. माणूस वाईट नव्हता. शिकवायला लागला की लेकरं जागची हलत नसत. ते म्हणाले, "ताई, कधी मतदार याद्या, कधी तालुक्याले ट्रेनिंग. उशीर होतेच."

"होऊ द्या. मंग घंटाबी उशिरा होऊ द्या. गावाले खरं त कळन."

"अन् तालुक्याच्या साहेबानं ऐकलं त?"

"त्याहीनं ऐकावं म्हनूनच."

ठराव झाला, पण घरी सासूबाईंनी माझाच नियम माझ्यावर उलटवला. बीटीचं बियाणं आल्यापासून बोंडं सगळी एकदम फुटायची, वेचायला बाया मिळायच्या नाहीत, आणि कापसाच्या भावाचं तर विचारूच नका. "घंटा झाली त पोरगी शाळेत, नाही त वेचनीले," त्या म्हणाल्या.

काही दिवस घंटा वेळेवर झाली. मग एका सकाळी झालीच नाही. ऊन चढलं, तरी नाही. सासूबाईंनी कापूस टाकायची फडक्याची ओटी लेकीच्या कमरेला बांधली आणि ती सरीत शिरली. भराभर वेचत होती पोरगी, आणि त्याचाच मला संताप आला. ही बोटं इतक्या लवकर याच कामाला लागायला नको होती.

"चाला वं बायाहो, शाळेत," मी म्हटलं.

"काऊन? गुरुजी त नाहीत ना तिथं," एक जण म्हणाली.

"म्हनूनच."

लेकीला सासूबाईंजवळ शेतातच ठेवून आम्ही कापसाने भरलेल्या ओट्यांसकट शाळेच्या ओसरीवर जाऊन बसलो. लेकरं वर्गातून आमच्याकडे आणि घंटेकडे बघत होती, पण एकानेही तिला हात लावला नाही. बऱ्याच वेळाने मोटारसायकल आली. गुरुजी आम्हाला बघून चपापले. "ताई, तालुक्याले बोलावलं होतं मले..." ते सांगू लागले.

"आधी घंटा," मी म्हटलं.

त्यांनी दांडा उचलला आणि भर दुपारी घंटा वाजवली. साऱ्या शिवाराने ऐकली.

थोड्या वेळाने लेक शेताच्या धुऱ्यावरून पळत आली. सासूबाईंनी शब्द पाळला होता. केसांत कापूस अडकलेला, ओटी सोडायचंही भान नाही. वर्गाच्या दाराशी थांबून, मान खाली घालून ती म्हणाली, "गुरुजी, उशीर झाला."

गुरुजी म्हणाले, "तुले नाही, माय. मले झाला."

मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. पण तेवढ्यावर मी त्यांना सोडणार नव्हते.

"अन् उद्या?" मी विचारलं.