सावकाश दळणारं यंत्र

सकाळी कणीक मळत होते, तेवढ्यात दार धडधडलं. समोरच्या शरदिनीकाकू, ओल्या सोवळ्यातच. "हे इकडे आलेत का गं?"

वेणीमाधवकाकांना हल्ली स्वतःचं घरही ओळखू येत नाही. पण हातातलं दळण संपेपर्यंत ते उठत नाहीत. म्हणून सोवळ्यात पूजेला बसताना काकू त्यांच्या हाती कॉफी दळायचं हातयंत्र द्यायच्या. ते मोडलं. लेकाने, केयूरने, विजेचं पाठवलं. आज त्या यंत्राने घुर्र करून क्षणात दळलं, आणि काका चालू लागले.

आम्ही रामघाटाकडे धावलो. गंगा चढलेली. काका घोटाभर पाण्यात उभे, आणखी एक पायरी उतरायच्या बेतात. काकूंनी सोवळंओवळं विसरून त्यांचा दंड धरला.

"कॉफी झाली?" काकांनी विचारलं.

घरी आल्यावर मी काकूंना मोबाइलवर हातयंत्रं दाखवू लागले. "हे बघा, पोलादी पात्यांचं. मिनिटात दळतं."

"तुम्हा पोरींना मेली सगळ्याची घाई!" काकूंनी मोबाइल माझ्याकडे परत सरकवला. "माझी पूजा अर्धा तास चालते. सगळ्यात सावकाश दळणारं कुठलं, तेवढं बघून दे."