रिकाम्या चौकोनाचा अर्थ

"सिक्स," कॉम्प्युटर म्हणाला. मग पुन्हा "सिक्स." मग "नाइन." मग "कोट, कोट." आणि त्यानंतर बराच वेळ नुसतंच "ब्लँक, ब्लँक, ब्लँक."

वैशालीने माझ्याकडे तोंड वळवलं. "ताई, माले सहा ऐकू येस. पन कसाना सहा?"

प्रश्न रास्त होता. उत्तर माझ्याकडेही नव्हतं, आणि मला तर स्क्रीन दिसत होता.

वैशाली सुरतजवळ पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये टेलिफोन ऑपरेटर. प्रोसेस हाउस म्हणजे व्यापाऱ्यांचं कोरं कापड रंगवून, छापून परत देणारा कारखाना. तिला जन्मापासून दिसत नाही. कॉम्प्युटरवर ती स्क्रीन रीडर वापरते, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. तिला नोकरीवर घेतलं त्याचं कारण उदात्त होतं. परदेशी बायरचं ऑडिट येणार होतं आणि त्यांच्या प्रश्नावलीत "दिव्यांग कर्मचारी" असा एक मुद्दा होता. शेठचं हृदय लगेच पाझरलं. ऑडिटपर्यंत ठेवू, मग बघू, असं ठरलं.

मी सुरतेतच कतारगामला एका छोट्या कंपनीत पीडीएफ दुरुस्त करते. नातेवाइकांना वाटतं मी झेरॉक्सच्या दुकानात आहे. मी आता समजावणं सोडलंय, पण तुम्हाला सांगते. पीडीएफला आपण कागद समजतो. स्क्रीन रीडरला त्यात कागद दिसत नाही. त्याला आतून प्रत्येक तुकड्यावर लावलेली अदृश्य चिठ्ठी लागते: हा मथळा, हा परिच्छेद, हे टेबल. या चिठ्ठीला टॅग म्हणतात. टेबलात तर प्रत्येक चौकोनाला सांगावं लागतं की बाबा, तू कोणत्या ओळीतला, तुझ्या डोक्यावर कोणाचं नाव. डोळस माणूस "नऊ" बघतो आणि त्याची नजर आपोआप डावीकडे आणि वर जाते. ती नजर वैशालीला मी चिठ्ठ्यांमधून द्यायची, एवढंच माझं काम.

आणि मला ज्यासाठी बोलावलं होतं ते हे टेबल म्हणजे मॅनेजर जिग्नेशभाईंची कलाकृती होती. कोणतं कापड, कोणती प्रक्रिया, लाइट शेड की डार्क, आणि माल किती दिवसांत मिळेल, असा डिलिव्हरी चार्ट. दोन मजली मथळे. जिथे मनाला येईल तिथे चौकोन एकमेकांत मिसळलेले. लाल, पिवळा, हिरवा, शिवाय एक रंग ज्याला फक्त सुरतच्या साडीबाजारातच नाव असेल.

"मस्त बन्युं छे ने?" जिग्नेशभाईंनी विचारलं.

"फार सुंदर," मी म्हटलं. "हे लाल चौकोन कशाचे?"

"लाल एटले अर्जंट नहीं थाय." म्हणजे लाल असेल तिथे घाईचं काम होणार नाही.

"हे कुठे लिहिलंय?"

"लखवानुं शुं? बधाने खबर छे."

लिहायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत आहे. या तीन शब्दांवर माझा पगार चालतो. जगात जे जे सगळ्यांना माहीत असतं, ते कधीच कुठे लिहिलेलं नसतं.

मी रिकाम्या चौकोनांवर बोट ठेवलं. "आणि हे?"

"ए तो वरच्यासारखंच," ते माझ्यासाठी मराठीत उतरले. "शिफॉनच्या खाली काही नाही लिहिलं, म्हणजे शिफॉनचंच चालू."

"आणि खाली हा क्रेपच्या छपाईचा?"

"ना ना, ते एटले आपण ते काम करतच नाही."

"दोन्ही रिकामे आहेत, जिग्नेशभाई."

"पण बेन, फरक तो दिसतो ने!"

आता मला कळलं की आदल्या आठवड्यात काय घडलं होतं. एका व्यापाऱ्याने फोनवर क्रेप रंगवायचं विचारलं. वैशालीने बाणाची बटणं दाबत ओळ ऐकली, मोजत मोजत गेली आणि मध्येच एका मिसळलेल्या चौकोनापाशी तिची मोजणी चुकली. तिने चार दिवस सांगितले. खरे होते नऊ. व्यापाऱ्याने पुढे कोणाच्या तरी लग्नाचा माल चार दिवसांत कबूल केला आणि मग जिग्नेशभाईंना फोनवर जे ऐकवलं, ते कोणत्याही स्क्रीन रीडरने वाचू नये.

"मी शेठला आधीच बोललेलो," जिग्नेशभाई वैशालीसमोरच म्हणाले. दिसत नाही म्हणजे ऐकूही येत नसेल, असा त्यांचा समज असावा. "चार्ट वाचता येत नथी, तर फोन कसा सांभाळणार? ऑडिट होऊ दे, मग छुट्टी."

वैशाली हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत बसली. ते गेल्यावर मला म्हणाली, "ताई, घरमा मीच कमावस. धाकटा भाऊ अजून शिकी ऱ्हायना. हाई नोकरी गयी ना, ते मंग शिरपूरले वापस."

मला राग आला. खरं सांगते, चांगलाच आला. टेबल वाईट बनवायचं एकाने आणि नापास व्हायचं तिने.

मग मी कलाकृती फोडली. एका टेबलाची दोन केली, रंगाईचं वेगळं, छपाईचं वेगळं. मिसळलेले चौकोन सोडवले. प्रत्येक रिकामा चौकोन भरला. जिथे आकडा हवा तिथे आकडा, जिथे काम करत नाहीत तिथे "नॉट डन". "वरप्रमाणे"च्या त्या दोन टिंबांना कॉम्प्युटर "कोट" म्हणत होता, ती काढली. लालऐवजी सरळ "नो अर्जंट" लिहिलं. प्रत्येक आकड्याला त्याच्या मथळ्यांशी बांधलं. जिग्नेशभाईंना नवा चार्ट दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

"सादा लागे छे," ते म्हणाले. फारच साधा दिसतो.

वैशालीने बटण दाबलं. कॉम्प्युटर म्हणाला, "क्रेप. डाइंग. डार्क शेड. नाइन डेज." तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग उगाचच सगळ्या टेबलभर फिरून आली, वर, खाली, तिरकी, आणि हसायला लागली. मलाही भरून आलं. फाइल जिग्नेशभाईंना मेल केली, काम फत्ते समजून घरी गेले, आणि तिथेच चुकले.

ऑडिटच्या सकाळी वैशालीचा फोन. "ताई, चार्ट मुका हुयी गया. उघडा की म्हनस, एम्प्टी पेज."

मी फाइल मागवली. चार्ट माझाच होता. फक्त किंचित तिरका. कोपऱ्यात स्टेपलरच्या पिनेची सावली, आणि खाली मधोमध जांभळा गोल शिक्का आणि शेठची लफ्फेदार सही. जिग्नेशभाईंनी माझी पीडीएफ प्रिंट केली होती. तिच्यावर सही-शिक्का घेतला होता. मग ती स्कॅन करून पुन्हा पीडीएफ केली होती, आणि जुनी फाइल पुसून तिच्या जागी ही ठेवली होती. म्हणजे माझ्या सगळ्या चिठ्ठ्या केरात आणि उरला एक फोटो. स्क्रीन रीडरला फोटोतलं अक्षर दिसत नाही. त्याच्या लेखी ते पान कोरं.

"जिग्नेशभाई, हे काय केलंत?"

"फायनल करी ने!" ते अभिमानाने म्हणाले. "शिक्क्याशिवाय कागद कसा चालेल? आमच्या लाइनमध्ये शिक्का नाही तो कागद नाही."

"पण हा कागद नाहीये."

"म्हणून तर छापला!"

बायरच्या ऑडिटर बाई मुंबईहून निघाल्या होत्या. भांडायला वेळ नव्हता, आणि शिक्क्याशी भांडून या शहरात अजून कोणी जिंकलेलं नाही. मी म्हटलं, "असं करा, कोऱ्या कागदावर सही-शिक्का घ्या आणि फोटो पाठवा."

तो फोटो मी माझ्या मूळ फाइलमध्ये चार्टखाली बसवला. चित्राला ऑल्ट टेक्स्ट देता येतं, म्हणजे न दिसणाऱ्याला ऐकू येणारं चित्राचं वर्णन. मी इंग्रजीत लिहिलं, "प्रोप्रायटर श्री रमणिकलाल यांची सही आणि कंपनीचा गोल शिक्का." फाइल थेट वैशालीला पाठवली आणि जिग्नेशभाईंना प्रिंटरपासून लांब राहायची हात जोडून विनंती केली.

पुढचं मला वैशालीने सांगितलं. ऑडिटर बाई तिच्या टेबलापाशी आल्या. फोन वाजला, कोणीतरी जॉर्जेटच्या डार्क शेडचं विचारलं, तिने दोन बटणं दाबून बरोबर उत्तर दिलं. बाईंनी मान डोलावून काहीतरी लिहिलं. शेठ मागे उभे होते, त्यांना जांभई येत होती. तेवढ्यात वैशालीचं बोट खाली घसरलं आणि कॉम्प्युटर अमेरिकन उच्चारात बोलला, "सिग्नेचर ऑफ प्रोप्रायटर श्री रॅम्निकलाल."

शेठ जागे झाले. "फरी थी बोलाव!"

पुन्हा वाजवलं. मग बाईंसाठी वाजवलं. मग कॅन्टीनवाल्याला वर बोलावून त्याच्यासाठी वाजवलं. क्रेपचा घोळ कोणालाच आठवला नाही. संध्याकाळी शेठ तिला म्हणाले, तू आता कायम, हे मशीन दुसऱ्या कोणाला चालवता येणार नाही.

ती कायम झाली, मी खूश झाले. टेबल कसं सुलभ करावं यावर लोक जाडजूड मार्गदर्शिका लिहितात. सुरतेत एक ओळ पुरते: आधी शेठची सही बोलती करा, मग उरलेल्या कामाला कोणी अडवत नाही.

नेमणुकीचं पत्र तिला मेलने आलं. तिने ते मला पाठवलं. "ताई, वाची दे ना. एम्प्टी पेज म्हनस."

तिरकं होतं. खाली जांभळा शिक्का. मी फोनवर वाचून दाखवलं: नाव, हुद्दा, कामाचे तास. शेवटी रजांचं एक टेबल होतं, रंगीत, अर्थात. सणांच्या रजांपुढे आकडा होता. खाली आजारपणाची रजा.

"तेन्हा पुढे काय शे?"

"रिकामं आहे," मी म्हटलं.

"म्हंजे वरनासारखंच, का देतसच नही?"

मी जिग्नेशभाईंना फोन लावून विचारलं. ते म्हणाले, "अरे बेन, एमां पूछवानुं शुं? बधाने खबर छे."