आइंडहोव्हनमध्ये वन्स मोअर

कॉलेजात असताना मस्कतच्या आतेभावाने मला एक कॅसेट आणून दिली. ब्रिटिश न्यू वेव्ह बँड, सिंथेसायझरची टुणटुण आणि कव्हरवर काजळ घातलेली, रुसून बसलेली चार पोरं. मी तर पार वेडी झाले. पुढे त्यांचं एकच गाणं जगभर गाजलं, मग भांडणं झाली, ड्रमर गेला, पाठोपाठ गिटारवालाही गेला, सगळ्यांचे केस गेले. उरलेले दोघे मागच्या हिवाळ्यात आइंडहोव्हनला आले, तेव्हा मी नेदरलँड्समधल्या आमच्या बेस्ट गावाहून लेकीला अक्षरशः ओढत नेलं.

लेक पंधरा वर्षांची. हल्ली आमचं बोलणं म्हणजे सायकलची चावी कुठे आहे, एवढंच. हा बँड तरी तिला आवडावा, दोघींचं म्हणून काहीतरी असावं, असं मला फार वाटत होतं.

गाजलेलं गाणं सुरू झालं. "ओह, द वॉशिंग पावडर साँग!" ती म्हणाली. एवढ्या मोठ्या कारकिर्दीचं फळ काय, तर साबणाच्या जाहिरातीतलं गाणं!

मग गायकाने माझं लाडकं, कुणाला फारसं ठाऊक नसलेलं संथ गाणं घेतलं. इथली डच मंडळी हातात बिअर धरून मैफिलीत खुशाल गप्पा मारतात, तशा त्यांनी सुरू केल्या. माझं डोकं तडकलं. त्यात बिचाऱ्याचा वरचा सूर हुकला. चार टाळ्या पडल्या. आमच्याकडे संगीत नाटकात पद आवडलं की तिथल्या तिथे पुन्हा गायला लावतात, त्या सवयीने मी गरजले, "वन्स मोअर!"

हॉल चिडीचूप. लेकीने हुडी नाकापर्यंत ओढली. "आई, नोबडी डज दॅट!"

गायकाने डोळ्यांवर हात धरून अंधारात पाहिलं. "हेच? पुन्हा?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"हेच!" आता माघार कसली घेणार?

त्याने खरंच पुन्हा सुरुवात केली. या वेळी सगळे ऐकत होते. वरचा सूर आला आणि भर शांततेत पुन्हा हुकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्या माणसाची चारचौघांत शोभा केली ती मीच, आणि लेकही हातची गेली.

"चल, निघू या," मी कोट शोधत पुटपुटले.

"वन्स मोअर!" शेजारून लेक ओरडली, माझ्यापेक्षा जोरात.

तिने माझा कोट ओढून घेतला आणि स्टेजवरची नजर न हलवता म्हणाली, "आई, बस ना. ही कॅन डू इट."