शादलियाचं सुतक

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरात, ऑलिव्ह तेलाच्या कंपनीत शादलिया पहिल्यांदा कॉम्प्युटरसमोर बसली, तेव्हा पडदा काळाकुट्ट होता आणि काहीही करायचं तर हुकूम टाइप करावा लागे. घोकून घोकून तिने सगळे हुकूम पाठ केले. मग चित्रांची नवी सिस्टीम आली, हातात माऊस आला आणि पाठांतर पाण्यात गेलं. पुढच्या सिस्टीमने बटणं हलवली, तिच्या पुढचीने रंग बदलले. दर वेळी शादलिया नवीला आधी शिव्या घाली, मग तिच्यातच रमे, आणि तीही गेली की गळा काढी.

"मागच्या खेपेला जिच्या नावाने बोटं मोडलीस," तिचा कोळी नवरा मुख्तार रव्याच्या कुसकुसात मासा कालवत म्हणे, "तिचंच आता सुतक पाळतेस होय गं?"

"तुमचं काय जातंय? तुमच्या जाळ्याच्या गाठी आजोबांपासून त्याच आहेत."

शेवटी तिने हट्टच धरला. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर नवे झाले, पण लेबलं छापणाऱ्या कॉम्प्युटरला तिने कुणाला हात लावू दिला नाही. त्यातल्या सिस्टीमची डागडुजी ती बनवणाऱ्या कंपनीनेच केव्हाच सोडली होती.

"लल्ला, हा आता बेवारशी आहे," दुरुस्तीवाला बशीर बजावी. तिकडे बायकांना मानाने 'लल्ला' म्हणतात.

"मी आहे ना वारस."

मग एकदा भाचीच्या लग्नाचे फोटो बघायला तिने त्यात पेनड्राइव्ह खुपसला. नवरीच्या मेंदीपर्यंत पोचायच्या आतच पडदा गोठला. व्हायरसने लेबलांचे सगळे नमुने खाल्ले. तेल न्यायला आलेलं जहाज बंदरात उभं, म्हणून मालकासकट सगळं ऑफिस हाताने लेबलं लिहायला बसलं. मालकाचं अक्षर असं, की बाटलीत तेल आहे की खोकल्याचं औषध ते कळेना. शादलियाने दिवसभर मान वर केली नाही.

"हाच पेनड्राइव्ह मी नव्या कॉम्प्युटरला लावून पाहिला," बशीर हळूच म्हणाला. "त्याने व्हायरस दारातच अडवला. चोर नव्या किल्ल्या करतात लल्ला, म्हणून कुलूप बदलावं लागतं."

"मग कुलूप बदला की. बटणं कशाला हलवता?"

बशीर पेनड्राइव्ह खिशात टाकत म्हणाला, "ते मात्र मलाही कळलेलं नाही."

ती हसली, आणि जुन्या कॉम्प्युटरची वायर तिने स्वतःच काढली.

आता ती निवृत्त आहे. गल्लीतल्या बायका फोन घेऊन येतात. "लल्ला, हा अपडेट करू का विचारतोय."

"हो म्हण," शादलिया सांगते. "आणि आठवडाभर पोटभर शिव्या दे. त्याशिवाय सवय होत नाही."