अंगुळभर अलीकडे

लाठीचा वार पुऱ्या जोराने यायला हवा आणि समोरच्याच्या डोक्याच्या अंगुळभर अलीकडे थांबायला हवा, हा आमच्या जुनी इंदूरच्या आखाड्याचा नियम. लाठी लागली की खेळ बंद. मारणाऱ्याने मातीला हात लावून माफी मागायची आणि दिवसभर गप बसायचं. तिथले वस्ताद माझे बाबा. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, बाबा कचेरीत कारकून. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत ते चेल्याच्या तळहातावरचं लिंबू दांडपट्ट्याने कापायचे आणि हाताला ओरखडा नसायचा.

मुलींना आखाड्यात मज्जाव, म्हणून मला त्यांनी घरामागच्या अंगणात शिकवलं. नियम तोच. सात वर्षांत माझी लाठी त्यांना एकदाही लागली नाही. याचा मला भारी माज होता, खोटं कशाला सांगू.

एकोणीस वर्षांची असताना, श्रावणात, भर दुपारी, धाकट्या बहिणीला शिवणाच्या क्लासवरून घेऊन येत होते. स्नेहलतागंजच्या मागच्या बोळात एका माणसाने तिचं मनगट धरलं. बोळात दुसरं कुणी नव्हतं. माझ्या हातात बाबांची लांब दांड्याची छत्री होती. मी पवित्रा घेतला आणि वार केला. अगदी शिकवल्यासारखा. त्याने डोळे मिटले. मग उघडून पाहिलं, तर छत्री कानापाशी थांबलेली.

"वा, क्या बात है," तो हसला आणि त्याने बहिणीचा हात पिरगाळला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिने किंचाळत त्याला कडकडून चावा घेतला, तेव्हा कुठे त्याने सोडलं आणि पळाला. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं.

तिच्या मनगटाचं हाड मोडलं होतं. पुढे ते सांधलं, पण वाकडं.

घरी मी बाबांना सगळं सांगितलं. "थांबायला तुम्हीच शिकवलंत," मी म्हणाले. त्यांना उलटून बोलायची माझी ती पहिलीच वेळ. लाज त्या माणसाची नव्हती वाटत, माझ्याच हाताची वाटत होती, आणि राग सगळा बाबांवर.  त्या रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी अंगणात ते डाव्या हाताला गोणपाट गुंडाळून उभे होते. "मार. थांबायचं नाही."

मी मारलं, थांबली लाठी. पुन्हा थांबली.

"बहिणीचा हात आठव," ते म्हणाले.

तिसऱ्यांदा लागली. गोणपाटातूनही आवाज आला. मी सवयीने मातीला हात लावायला वाकले, तर त्यांनी माझा दंड धरला. "तू नाही, बेटा." मग ते स्वतःच खाली बसले आणि धड असलेला उजवा हात मातीवर ठेवून बराच वेळ तसेच राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्या वर्षी अनंत चतुर्दशीला ते आखाड्याच्या पुढे चालले ते गळ्यात हात बांधून, पट्टा न घेता. रस्त्यात लोक थांबवून विचारत होते, "वस्ताद, हाथ को क्या हुआ?"

"लड़की को सिखा रहा था भिया," ते प्रत्येकाला सांगत होते. "सीख गई."

बहीण माझ्या शेजारीच उभी होती. तिने आपला हात ओढणीखाली घेतला.