वाटेत सापडलेली ओटी

१३ ऑक्टोबर. दसरा झाला, म्हणून घटावरचा नारळ फोडायला घेतला. आतल्या पाण्याचा वास आला आणि येडशीचा रस्ता आठवला.

लग्नानंतर अंगणवाडीच्या नोकरीसाठी मी रोज सायकलने येडशीला जायची. वाटेत डब्याची झाकणं, एकेकटी चप्पल, काहीही सापडायचं. एकदा पिशवीत खण, हिरव्या बांगड्या आणि नारळ मिळाला. तुळजापूरहून परतणाऱ्या कुणाची तरी ओटी पडली असणार, म्हणून घरी आणली.

सासूबाई ओरडल्या, "अगं, उतारा हाय त्यो! कुणाची पीडा घरात आणलीस?"

"उताऱ्यात कुणी नवा खण घालतं व्हय, आत्याबाई?"

"तोंड लई चालतंय. आता सायकल बंद!"

त्यांनी कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. नवरा मान खाली घालून जेवत राहिला. सायकल नाही म्हणजे नोकरी नाही. दावणीला बांधल्यासारखी मी ओट्यावर बसून राहिले.

आता वाटतं, त्यांना भीती नारळाची नव्हतीच, मी एकटीने तुडवायच्या रस्त्याची होती. तेव्हा मला फक्त कुलूप दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोच नारळ फोडला, चटणी वाटली, त्यांच्यासमोर भाकरीला लावून खाल्ली आणि किल्लीसाठी हात पुढे केला.